फूल वाहिलेली मोटार

दत्तू,

मोटारीला गिऱ्हाईक आलं होतं. खरंखुरं, बूट घातलेलं, पनवेलहून मुद्दाम निघालेलं. सात वर्षं आपण त्याची वाट पाहिली, निदान वाट पाहतोय असं एकमेकांना सांगितलं, आणि तू गेल्यावर दीड महिन्यात ते दारात उभं राहिलं. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. तुझ्या नावाची सभा वगैरे वकील मंडळींची करून झाली. त्यात एकानं तू मितभाषी होतास असं सांगितलं. मी मागच्या रांगेत होतो. मला हसू आवरेना, म्हणून उपरणं तोंडाला लावलं, तर शेजारच्यानं पाठीवरून हात फिरवला. पुढं खरंच रडू आलं, तेव्हा उपरणं तोंडावर होतंच.

तुला ‘तू’ म्हणतोय. तुझं आमच्या वेणूशी लग्न लागलं त्या दिवशी आईनं मला माजघरात नेऊन बजावलं होतं, ‘आजपासून ते तुझे मेहुणे. आता एकेरी बंद.’ कर्जतच्या शाळेत एका बाकावर बसून ज्याची पाटी मी थुंकीनं पुसली, त्याला मी चारचौघांत ‘दत्तोपंत, आपण पाणी घेणार का?’ असं विचारू लागलो. तूही लगेच ‘विनायकराव’ सुरू केलंस. पुढची कितीतरी वर्षं आपण फार सभ्य होतो, आणि खरं सांगायचं तर एकमेकांना थोडे कंटाळलो होतो. मग मोटार आली. पहिल्याच दिवशी चौक गावाच्या रस्त्यावर त्या खडखडाटात तू ओरडलास, ‘विन्या, म्हैस!’ त्यानंतर गाडीत बसलं की तू, उतरलं की तुम्ही, हा आपला रिवाजच पडला. आज मी खालापूरला तुझ्या गोठ्यात, गाडीत बसून, मांडीवर पाट घेऊन लिहितोय. तेव्हा रागावू नकोस.

ती आली कशी हे तू प्रत्येकाला निराळं सांगायचास. खरं ते मी एकदा लिहून ठेवतो. मला कर्जतच्या भाताच्या गिरणीला तेलावर चालणारं इंजिन हवं होतं. खंडाळ्याचे एक पारशी गृहस्थ बंगला आवरून विलायतेला निघाले होते, आणि त्यांच्याकडचं पाणी चढवायचं इंजिन विकायचं होतं. व्यवहाराचा कागद करायला तू बरोबर आलास. आपण पोचलो तर इंजिन आदल्या दिवशीच गेलेलं. तो भला माणूस हळहळला, आपल्याला सरबत दिलं, आणि मागच्या दारी घेऊन गेला. तिथं ही उभी होती. लाल, लांबलचक नाकाची, डोक्यावर छप्पर नाही, दोनच जागा, डाव्या हाताला रबरी भोंगा. मी म्हटलं, ‘हिचा आपल्याला काय उपयोग?’ तू म्हणालास, ‘काहीच नाही,’ आणि खिशातून पेन काढून कागद लिहायला बसलास. निम्मी तुझी, निम्मी माझी. शेवटी तू एक कलम घातलंस, की दोघांपैकी एकानंही ‘नको’ म्हटलं तर विकायची नाही.

तुझ्या घरी आलो तेव्हा वेणू अंगणात उभी होती. तिनं गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, ‘दादा, ही गिरणीला कुठून जोडायची?’

कर्जतला तेव्हा रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या दोन चाकोऱ्या, म्हणून गाडी खालापूरला, तुझ्या गोठ्यात राहिली. गोठ्याला लागून पुण्याचा रस्ता, एवढंच तिचं नशीब. पावसाळ्याचे चार महिने ती झाकलेली. शिमग्यानंतर धूळ, म्हणून पुन्हा झाकलेली. मधल्या दिवसांत तुला कचेरी, मला भाताचा हंगाम. उरले वर्षाकाठी पाच-सात दिवस. त्या दिवशी मी पळसदरीवरून बैलांच्या दमणीनं खालापूरला यायचो. दमणीनं यायचं आणि मोटारीत बसायचं, यावर कर्जतच्या बाजारात मला पुरतं सोलून काढत. मी चालवायचो आणि भोंगा तुझ्याकडं. चालवायला तू एकदाच शिकलास आणि उंबराच्या झाडाला भेटून आलास. भोंगा मात्र तू असा वाजवायचास की पुढं माणूस नसला तरी कुणीतरी बाजूला व्हावं. गुरं आडवी आली की तू उभा राहून त्यांना समजावायचास. ‘अहो, रस्ता सरकारी आहे, तुमचा आणि आमचा हक्क सारखाच, पण आम्हाला घाई आहे.’ गुरं ऐकायची नाहीत. तुझं कुठल्याच कचेरीत इतकं शांतपणे कुणी ऐकून घेतलं नसेल, असं मात्र मला नेहमी वाटे.

आणि ती माघातली जत्रा. ती गोष्ट मी सभेत सांगायला उठणार होतो, वेणूनं डोळ्यांनी बसवलं. गावात सगळे हिला शर्यतीची मोटार म्हणायचे. भात काढलेल्या शेतात बैलांच्या शर्यती लागल्या होत्या आणि आपण बांधावर उभे होतो. एक म्हातारा तुला म्हणाला, ‘वकीलसायब, शर्यतीची हाय म्हन्तात, मंग येऊ द्या की शेतात. का नुसती नावाचीच हाय?’ चारशे माणसांसमोर नाही म्हणणं तुझ्या रक्तात नव्हतं. बैलांच्या वाटेवरचे बांध गावकऱ्यांनी आधीच फोडून ठेवले होते. आपल्याला वाट रुंद हवी, म्हणून आपणच ऐटीत शेजारचं शेत मागून घेतलं. माझा जन्म भातात गेला. कुठल्या शेताला किती बांध हे मी झोपेत सांगेन. पण त्या दिवशी सुकाणू हातात आलं आणि भात म्हणजे काय हेच मी विसरलो.

निशाण पडलं. बैल सुटले, आपण सुटलो. पहिली पन्नास पावलं आपण खरंच पुढं होतो, हे मला कुठंही शपथेवर सांगता येईल. मग बांध आला. गाडी उडाली आणि त्याच बांधावर पोट टेकून बसली. चारी चाकं हवेत गरगरत होती, आणि तू भोंगा वाजवत होतास. कुणासाठी वाजवत होतास रे? बैल केव्हाच पार गेले होते. नंतर त्याच बैलांना जुंपून आपल्याला काढलं. त्यांचा धनी म्हणाला, ‘बैलांना आता दोन गूळपोळ्या तरी घाला, दोन शर्यती झाल्या त्यांच्या.’ तशीच ओढत गाडी खालापुरात आणली. मी मान खाली घालून सुकाणू धरलेलं, आणि तू दोन्ही बाजूंच्या लोकांचे नमस्कार घेत बसलेला. घरी पाय धुताना तू म्हणालास, ‘विनायकराव, विकून टाकू.’ गाडीतून उतरला होतास, म्हणून विनायकराव. मी म्हटलं, ‘नको.’

वादाची सुरुवात ती. पुढच्या साली गिरणीचा पट्टा तुटला, मी वैतागलो होतो, मी म्हटलं विकू. तू म्हणालास नको. त्याच्या पुढल्या साली तू विकू, मी नको. आपण कधी ठरवलं नव्हतं, पण पाळी कुणाची हे दोघांना बरोबर कळायचं. बैठक भाद्रपदात, गोठ्यात, गाडीतच बसून, वर पदू ठाकरानं केलेलं इरलं. ते इरलं आठवतं ना? पहिल्या पावसाळ्यात तुझ्या डोक्यातून निघालं, की शेतात वाकलेल्या माणसाला जर इरलं पुरतं तर मोटारीला का नाही. डोंगरापलीकडच्या वाडीवरून पदूला बोलावलं. त्यानं हातानं वितीवितीनं गाडी मोजली, दोनदा भोवती फिरला, आणि गंभीरपणे विचारलं, ‘ही बाई लावनीला हुबी ऱ्हानार हाय का?’ बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं घेऊन तो चार दिवस गोठ्यात बसला होता. एवढं मोठं इरलं त्याच्या वाडीत कुणी बांधलं नव्हतं. तो दर साली त्याची डागडुजी करायला येतो, आणि येताना वाडीतल्या एखाद्याला ते दाखवायला घेऊन येतो. गाडी दाखवायला नाही, इरलं.

त्या इरल्याखाली वेणूच्या पातोळ्या खात तू केवढे मुद्दे काढायचास. विकायच्या बाजूनं आणि न विकायच्या बाजूनं, सारख्याच तळमळीनं. एका साली गाडीच्या आसनावर मांजर व्याली, तर पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत विक्री तहकूब, असा निकाल तूच दिलास. तू विकायच्या बाजूचा होतास त्या साली, हे विशेष.

पण आपल्या वादापेक्षा आईचा नियम मोठा. ज्याला फूल वाहिलं, त्याला त्या वर्षात बाजार दाखवायचा नाही. नांगर असो, तराजू असो, दसऱ्याची पूजा झाली की पुढचा श्रावण सरेपर्यंत ते घरचं. हा नियम वेणूनं माहेरून तुझ्या घरी आणला, आणि तू कायदा शिकलेला माणूस त्यापुढं मान तुकवून उभा राहिलास. त्याचा परिणाम काय झाला, तो आपल्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. भाद्रपदात आपलं भांडण व्हायचं. एखाद्या साली एकमत होत आलं, तरी रस्त्यात चिखल, ओढ्यांना पाणी, गाडी बघायला येणार कोण? आश्विनात ऊन पडायचं, रस्ता मोकळा व्हायचा, चौकचा उस्मानभाई मिस्त्री गिऱ्हाईक आणतो म्हणायचा, तोवर वेणूनं गाडीला फूल वाहिलेलं असायचं. तेही खंडेनवमीला नाही, घट बसायच्या दिवशीच. ‘एकदम उरकून घेतलं,’ म्हणायची. म्हणजे जेव्हा विकता येत होती तेव्हा घेणारा येऊ शकत नव्हता, आणि घेणारा येऊ शकत होता तेव्हा विकता येत नव्हती. उस्मानभाई सायकलवरून डोकावायचा, बॉनेटवरचा झेंडू बघायचा आणि न उतरताच सायकल वळवायचा.

आपण म्हणायचो, वेणूला मोटार डोळ्यासमोर नको आहे, पण बिचारीला रीत मोडता येत नाही. हे आपण तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

आता श्रावणातलं ते. त्याबद्दल मी अजून कुणाशी बोललो नाही. तू खाटेवर होतास, बोलायला दम लागत होता. मी गिरणीच्या गप्पा मारत होतो, तू मधेच माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, ‘विनायकराव, यंदा गाडी विकून टाका.’ माझी पाळी ‘नको’ची होती. सवयीनं तोंडातून गेलं, ‘ते भाद्रपदात बघू, बसू तेव्हा बोलू.’ तू हसलास. तुझं नेहमीचं, मिशीच्या एका बाजूनं. मी दमणीत बसून कर्जतला आलो. भाद्रपद यायच्या आत तू निघून गेलास.

दत्तू, तेव्हापासून मला एकच प्रश्न पडला होता. तू ते खरं बोललास की पाळी म्हणून बोललास? माणसाचा शेवटचा शब्द मोडायचा नसतो असं म्हणतात. पण शेवटचा शब्द वादातला असेल तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. तुला विचारायची सोय नव्हती. एकदा वाटलं, मी त्या दिवशी ‘बरं, विकू’ म्हणालो असतो तर तू कुठली बाजू घेतली असतीस ते कळलं असतं. आणि लगेच वाटलं, तेव्हाच ‘बरं’ म्हणालो असतो तर तुला कळलं असतं की तुझं आजारपण मला कळलंय. म्हणून मी तसं बोललो ते बरंच झालं. हा विचार मी दिवसातून चार वेळा करत होतो, आणि गिरणीत दोनदा तांदळाची कणी जास्त पडली.

अखेर ठरवलं, विकायची. यंदा सगळंच जुळून आलं होतं. पाऊस लवकर उघडला, घट बसायच्या आधीच पुण्याचा रस्ता वाळला. तुझ्या घरी वर्षभर सण नाही, म्हणजे वेणू पूजा करणार नाही, म्हणजे आईचा नियम आड येणार नाही. सात वर्षांत पहिल्यांदाच मोटार मोकळी होती, आणि त्याला कारण तू. मी उस्मानभाईला निरोप धाडला. त्यानं पनवेलचा एक हौशी व्यापारी गाठला आणि घट बसायच्या दिवशी सकाळी घेऊन येतो म्हणाला.

त्या दिवशी मी तांबडं फुटताच गोठ्यात शिरलो. पदू आदल्या दिवशीच येऊन राहिला होता, त्याच्याकडून इरलं उतरवून घेतलं आणि फडकं घेऊन गाडी पुसायला लागलो. वेणू कधी आली कळलं नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

‘कुणासाठी पुसतोयस?’

‘गिऱ्हाईक यायचंय. त्यांनी शेवटी सांगितलं होतं, यंदा विकून टाका म्हणून.’

‘दर साली दोघांतला एक जण सांगतोच की तसं.’

‘या खेपेचं निराळं, वेणू.’

ती आत आली. पुढच्या दिव्यावरची धूळ तिनं पदरानं पुसली. ‘दादा, आपल्याकडच्या विळ्या-कोयत्यांची पूजा मी कधी करते?’

‘खंडेनवमीला.’

‘पाटा-वरवंट्याची?’

‘खंडेनवमीलाच.’

‘आणि मोटारीची तेवढी आठ दिवस आधी. ती का, हे तुम्हा दोघांना सात वर्षांत विचारावंसं वाटलं नाही. वकिलाच्या घरात राहते मी. एवढं शिकायचं नाही होय?’

मी फडकं हातात घेऊन उभा. ती शांतपणे बोलत होती, भाजी निवडताना बोलावं तसं.

‘कचेरीतून यायचे तेव्हा पायऱ्या चढलेल्यासुद्धा ऐकू यायच्या नाहीत मला. एकदम ओसरीवर दिसायचे, अशिलाचं ओझं घेऊन. जेवताना घास मोजून घेतल्यासारखे. आणि गाडीतून उतरले की फाटकापासून आवाज यायचा. तुझ्या नावानं शंख, बैलांच्या नावानं शंख, मला हाका. त्या दिवशी भात दोनदा वाढून घ्यायचे. वर्षातून पाच-सात दिवस यायचे तसे. ते मी बाजारात जाऊ देणार होते होय?’

मी फडक्याची घडी घातली. म्हणालो, ‘पण वेणू, त्यांना विकायची होती. एक साल आड तरी नक्की.’

यावर ती हसली. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. ‘आपल्या अंगणात झेंडू कधी पाहिलास? अबोली आहे, जास्वंद आहे, झेंडू एक झाड नाही. घट बसायच्या आदल्या दिवशी कचेरीतून येताना रुमालात बांधून आणायचे. देवघराच्या उंबऱ्यावर ठेवायचे, आणि घसा खाकरून बाहेर जायचे. ते काही बोलायचे नाहीत, मी काही विचारायची नाही. विकायची त्यांची पाळी असायची ना, त्या साली जरा जास्तच आणायचे.’

अरे चोरा. इरल्याखाली माझ्या पातोळ्या संपवून ‘विक्री हाच एक मार्ग’ म्हणून मला तासभर ऐकवायचास, आणि तिकडं रुमालात झेंडू. मी सात वर्षं तुझ्याशी मनापासून भांडलो. एका साली तर मला वाईट वाटून मी तुला गुळाची ढेप पाठवली होती, की बाबा, तुझं मन मोडलं. ती ढेप तू घेतलीस.

मी गाडीच्या पायरीवर बसलो आणि इतका हसलो की पदू बाहेरून बघायला आला. मला काय झालंय ते त्याला वेणूनं सांगितलं. तो म्हणाला, ‘मला ठावं व्हतं. गेल्या साली फुलं मीच दिली वकीलसायबास्नी. बोलू नको म्हन्ले, मंग कशापायी बोलू?’

म्हणजे मला सोडून सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

‘वेणू,’ मी विचारलं, ‘तुला गाडी एवढी हवी होती, मग तू कधी बसली का नाहीस तिच्यात?’

‘दोनच तर जागा,’ ती म्हणाली.

तिनं हे टोचून म्हटलं नाही. म्हणूनच मला लागलं. सात वर्षांत ही गोष्ट आपल्या एकाच्याही डोक्यात आली नाही. आपण एवढा काथ्याकूट केला, कधी विकायची, कुणाला विकायची, का विकायची नाही. पण तिला एकदा घाटाच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणावं असा मुद्दा ना वकिलाला सुचला, ना गिरणीवाल्याला. तुझ्या वाट्याची लाज मी वाटून घेणार नाही. ती तुझी तू बघ.

मग ती कामाचं बोलली. ‘यंदा आमच्याकडं सण नाही. मला फूल वाहता येत नाही. तुझ्या घरी तर घट बसणार ना? आणि निम्मी तुझी आहे, कागद आहे त्यांच्या हातचा. तुझ्या निम्म्याला तू वाहा.’

‘निम्म्याला वाहिलेलं सगळ्या गाडीला लागू होतं का?’

‘ते वकिलांना विचारून ठेवायला हवं होतं,’ ती म्हणाली, आणि आत गेली. तिला डोळे पुसायचे होते, आणि मलाही.

झेंडू कुठून आणणार? आणणारा गेला, आणि पदूच्या वाडीवरचा डोंगरापलीकडं. पदू म्हणाला, थांबा, आणि मागच्या उतारावरून ओंजळभर तेरडा घेऊन आला. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे मला माहीत होतं, पण यंदा त्याच्याकडून वर्षभराचं काम करून घ्यायचं होतं. मी सुकाणूच्या बाजूनं, माझ्या निम्म्यावर, फुलं वाहिली. हात जोडले. मंत्र मला येत नाहीत. म्हणून तुझंच म्हटलं, ‘रस्ता सरकारी आहे, तुमचा आणि आमचा हक्क सारखाच.’ पदूनंही हात जोडले, आणि मग जाऊन इरल्याची दोन पानं सरळ केली.

तेवढ्यात बाहेर लॉरी थांबली. उस्मानभाई पनवेलच्या शेटला घेऊन आत आला, बॉनेटकडं पाहिलं आणि जागच्या जागी थबकला.

‘फूल वाह्यलं काय?’

‘वाहिलं.’

‘मंग चला शेट,’ तो गिऱ्हाइकाला म्हणाला. ‘फुडल्या साली बघू.’

शेट गोंधळला. ‘अहो, पण मी अजून किंमतसुद्धा विचारली नाही.’

‘किमतीचं काय नाय वो त्यात,’ उस्मानभाई म्हणाला. ‘तुमाला रस्त्यात सांगतो.’ जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘वकीलसायबांच्या मागं ह्ये बंद पडतंय का काय असं मला वाटलं व्हतं,’ म्हणाला. शेटना वेणूनं चहा दिला, तो त्यांनी उभ्या उभ्या, गाडीकडं बघत घेतला. चांगला माणूस आहे. पुढल्या भाद्रपदात चिखल नसेल तर येईलही.

सगळे गेल्यावर मी तुझ्या बाजूचं दार उघडलं. ‘बस,’ म्हटलं वेणूला. ती आधी इकडंतिकडं पाहू लागली. मग पदर सावरला आणि बसली. आसनाच्या फटीत हात घालून तिनं एक सुपारीचं खांड काढलं, तुझं, किती सालचं कोण जाणे. ते तिनं मुठीत धरून ठेवलं. मी दुसऱ्या बाजूनं जाऊन सुकाणूपाशी बसलो. गाडी चालू केली नाही. गोठ्यात उभी गाडी, समोर दार उघडं, दारातून रस्ता दिसत होता.

‘दिवाळीनंतर रस्ता चांगला होतो,’ मी म्हटलं. ‘खोपोलीपर्यंत जाऊन येऊ. पण तुझं वर्ष सरलेलं नाही, लोक काय म्हणतील?’

‘लोकांनी तुम्हाला बैलांनी ओढून आणलेलं पाहिलंय,’ वेणू म्हणाली. ‘आता काय म्हणायचं राहिलंय?’

असं आहे, दत्तू. तू गेल्याचं दुःख आहेच, ते मी कुठं ठेवू मला कळत नाही. गिरणीत असताना येतं, जेवताना येतं. पण त्याच्या जोडीला मला एक गोष्ट मिळाली, की सात वर्षं आपण एकमेकांविरुद्ध भांडलो तेव्हा तू माझ्याच बाजूला होतास. त्या श्रावणातल्या बोलण्याचं उत्तरही मिळालं. तू पाळी खेळत होतास. खाटेवर, दम लागलेला असताना, मला वाद पुढं चालवायला देऊन गेलास. आणि मी तोंड उघडून ‘बसू तेव्हा बोलू’ म्हणालो, म्हणून तू हसलास. मी नेमकं तेच म्हणावं, अशी तुझी इच्छा होती. तेवढं एक शहाणपण माझ्या हातून झालं.

आता पुढं. कलम तुझ्या हातचं आहे आणि मी ते मानणार. पुढच्या भाद्रपदात ‘विकू’ म्हणायची पाळी माझी. मी मुद्दे काढायला सुरुवात केली आहे, तेव्हा तुला ऐकवीनच. ‘नको’ म्हणायची पाळी तुझी. ती तुझ्या वतीनं वेणू म्हणणार आहे, तिनं तसं सांगून ठेवलंय, आणि पातोळ्यांचा वाटा तेव्हा वकिलाच्या बाजूला जास्त राहील असंही सांगून ठेवलंय. झेंडूचं मात्र मी बघीन. गिरणीच्या मागं मी कालच दोन वाफे केले.

आणि एक राहिलं. गाडीतून उतरायच्या आधी वेणूनं भोंग्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, ‘वाजव, तो तुझ्याच बाजूचा आहे.’ तिनं दोन्ही हातांनी दाबला. समोर कुणी नव्हतं, रस्ता रिकामा होता, तरी तिनं आणखी एकदा दाबला, तुझ्यासारखाच. पदू ठाकर इरल्यामागून धावत आला. तो दारात उभा राहिला, आमच्याकडं बघत, आणि मग हळूच रस्त्याच्या बाजूला झाला.